गिरणीत विचारले जाणारे गव्हाचे प्रश्न

सासऱ्यांनी सुरू केलेली पिठाची गिरणी आता मी चालवते. पूर्वी गिऱ्हाइकांचे प्रश्न दोनच असत: "किती वेळ लागेल?" आणि "आधी काय दळलंय?" हल्ली डब्याबरोबर मोबाइलही पुढे येतो. कुणी म्हणतं गहू विष आहे, कुणी म्हणतं फक्त खपली खा. भरडा टाकता टाकता सगळ्यांना सगळं सांगून होत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकदाचे लिहून काढलेत.

खपली गहू खरंच इतका चांगला असतो का?

चांगला असतो. दर बघून वाटतो तितका चमत्कारी नसतो.

खपली ही गव्हाची वेगळी प्रजाती आहे, शास्त्रज्ञ तिला 'एमर' म्हणतात. दाणा लांबट, लालसर आणि दोन्ही टोकांना निमुळता. साधा गहू मळणीत टरफलातून सुटून मोकळा होतो. खपलीची ओंबी मोडते, तिचे तुकडे पडतात, पण दाणा टरफलातच अडकून राहतो. म्हणून आधी कांडायचं आणि मग दळायचं. वर एकरी उतारा कमी. भाव चढतो तो इथे, कुठल्या औषधी गुणामुळे नव्हे.

तंतू आणि प्रथिनं साध्या गव्हापेक्षा काहीशी जास्त मिळतात आणि खीर तर अशी लागते की दुसऱ्या गव्हाने ती चव येत नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव-विजापूरकडे ही खीर, म्हणजेच हुग्गी, लग्नाकार्यात मोठ्या पातेल्यांतून होते. पोळीला मात्र खपली जरा हट्टी. कणीक ताणली जात नाही, लाटताना कडा फाटतात. कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवली तर ऐकते.

'शुगर फ्री गहू' असं लिहिलेली पिशवी कुणी विकत असेल तर ती तिथेच ठेवून या. खपलीत पिष्ट असतंच, ग्लूटेन हे गव्हातलं चिकट प्रथिनही असतं.

खपलीचा मला खरा अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. गव्हाचा जुना वैरी म्हणजे तांबेरा. पान-खोडावर विटकरी भुकटी उठते आणि दाणा चिपाड होतो. ही बुरशी सतत रूप बदलते. तिचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमन यांनी १९२० च्या दशकात बारा गव्हांचा संच ठरवला. बुरशी कुठल्या गव्हावर वाढते आणि कुठल्यावर नाही, यावरून तिचा प्रकार कळायचा. त्या बारांतल्या एकाचं नाव 'खपली'. जगभरच्या प्रयोगशाळांत हे मराठी नाव पुढे अनेक वर्षं वापरात होतं. याच स्टॅकमन यांच्या हाताखाली नॉर्मन बोरलॉग नावाचा विद्यार्थी शिकला. त्याची गोष्ट पुढे येते.

पणजोबा रोज खपलीचीच पोळी खायचे ना?

हे ऐकलं की माझ्या सासूबाई हसतात. देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी. पोळी व्हायची ती सणाला किंवा जावई आला की. खानदेशात खापरावरचे मांडे व्हायचे तेही पाहुण्यांच्या पंगतीला. पणजोबा निरोगी असतील तर त्याचं श्रेय भाकरीला आणि दिवसभराच्या कामाला द्या. खपलीला त्यात ओढू नका.

रोजची पोळी शहरातल्या पांढरपेशा घरांत आधी आली. खेड्यापाड्यांत ती खऱ्या अर्थाने पोचली रेशनच्या पिशवीतून. १९५६ पासून पीएल-४८० या अन्नमदतीच्या कराराखाली अमेरिकेचा गहू यायला लागला आणि 'रेशनचा लाल गहू' हा शब्द घरोघरी झाला. १९७२ च्या दुष्काळात मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी आणि मदत म्हणून मिळणारी सुकडी खाल्लेली माणसं आजही ओट्यावर बसून त्या चवीचं वर्णन करतात, तोंड वाकडं करूनच. त्या पिढीसाठी मऊ पांढरी पोळी ही दिवस पालटल्याची खूण होती. आता त्यांचीच नातवंडं डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्वारी दळायला आणतात.

मग गहू मुळात आला कुठून?

आजच्या तुर्कस्तानचा आग्नेय भाग, सीरिया, इराक, जॉर्डन असा जो चंद्रकोरीसारखा पट्टा आहे, तिथून. तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगरावरचा रानगहू हा एकेरी दाण्याच्या आद्य गव्हाचा सगळ्यांत जवळचा नातलग निघाला.

रानगव्हाची खोड अशी की पिकला की ओंबी आपोआप तुटून दाणे जमिनीवर सांडतात. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच, नाहीतर वंश कसा वाढणार? पण एखाद्या रोपात दोष निघायचा आणि ओंबी तुटायचीच नाही. माणसाच्या हाती लागायच्या त्या नेमक्या अशाच ओंब्या. त्याच पेरल्या गेल्या. असं करत करत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत माणसाशिवाय पेरलाच न जाणारा गहू तयार झाला.

गंमत म्हणजे भाकरी शेतीच्या आधीची आहे. जॉर्डनमध्ये शुबायका नावाच्या ठिकाणी सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत जळालेल्या चपट्या भाकरीचे तुकडे सापडले. रानातले दाणे गोळा करून, कुटून भाजलेली भाकरी. शेती यायला अजून हजारो वर्षं होती.

आपल्या बाजूला बलुचिस्तानातल्या मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारास जव आणि गहू दिसतात. महाराष्ट्रात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांचं मुख्य धान्य जव होतं, जोडीला थोडा गहू. पाण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. रब्बीला पाणी लागतं हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही कळलेलं होतं.

आजचा गहू जनुकीय बदल केलेला असतो म्हणतात. खरं का?

नाही. जनुकीय तंत्राने बदललेल्या गव्हाला भारतात लागवडीची परवानगी नाही. अर्जेंटिनाने २०२० मध्ये तसा एक दुष्काळ सोसणारा वाण मंजूर केला, पण तो आपल्या डब्यात येत नाही.

आणि 'संकरित' या शब्दाने दचकू नका, कारण गव्हाएवढा संकर दुसऱ्या कुणाचा नसेल. एकेरी गव्हाच्या पेशीत १४ गुणसूत्रं, खपली आणि बन्सीत २८, आणि पोळीच्या साध्या गव्हात ४२. कॅस्पियन समुद्राच्या आसपास शेतातल्या गव्हाचा एका रानगवताशी आपसूक संकर झाला आणि पोळीचा गहू जन्मला. प्रयोगशाळा नव्हती, शेताचा बांध होता. या गव्हाचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे पाचपट मोठा आहे, त्यामुळे तो संपूर्ण वाचून व्हायला २०१८ उजाडलं.

'मेक्सिकन गहू' आला तो काय प्रकार होता?

आमच्या सासऱ्यांच्या भाषेत, 'बुटका गहू आला ते साल'.

जुने देशी गहू कमरेच्या वर जायचे. खत-पाणी वाढवलं की ओंबी जड व्हायची आणि उभं पीक लोळायचं. उत्पन्न वाढवायचं तर गहू आधी बुटका करायला हवा होता. बुटकेपणाचं जनुक मिळालं जपानच्या 'नोरिन १०' या वाणात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथून मेक्सिकोत बोरलॉग यांच्याकडे. त्यांनी तांबेऱ्याला दाद न देणारे बुटके वाण काढले.

भारताची तेव्हा काय अवस्था होती? १९४७ च्या फाळणीत पंजाबातला कालव्यांखालचा मोठा गहू-पट्टा पाकिस्तानात गेला होता. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. लागोपाठ दोन दुष्काळ पडले, जहाज बंदराला लागलं तर चूल पेटायची. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी जोर लावला आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं. १९६४-६५ ला देशात सुमारे १.२ कोटी टन गहू झाला होता, १९६७-६८ ला सुमारे १.६५ कोटी. पोती ठेवायला जागा पुरेना म्हणून उत्तरेत शाळा रिकाम्या केल्या. सरकारने त्या वर्षी 'गहू क्रांती'चं टपाल तिकीट काढलं आणि १९७० मध्ये बोरलॉग यांना शांततेचं नोबेल मिळालं.

पण लोकांना तो गहू आवडला का? नाही. दाणा लाल, पोळी काळपट. पिवळसर दाण्याशिवाय आपल्याकडच्या गृहिणी हलेनात. तेव्हा स्वामिनाथन यांच्या चमूने 'सोनोरा ६४' वर गॅमा किरणांचा मारा करून पिवळसर दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. पोळीचा रंग बदलावा म्हणून अणुकिरण वापरले गेले, हे मला फार भारी वाटतं. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका आले आणि ते देशभर पसरले.

याची किंमतही मोजली गेली. पंजाबचं भूजल खाली गेलं, खतं-फवारण्या वाढल्या, कडधान्यं मागे पडली. ते नाकारायचं कारण नाही. फक्त १९६६ साली रांगेत उभं असलेल्या माणसापुढे दुसरा पर्याय काय होता, तेही टीका करणाऱ्याने सांगावं.

लोकवन, शरबती, बन्सी यांत नेमका फरक काय?

लोकवन म्हणजे 'लोक-१'. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत हा वाण निघाला. इंग्रजीतला 'वन' आपल्या तोंडी बसला. जंगलाशी काही संबंध नाही. दाणा मोठा, पोळी मऊ, म्हणून वर्षाच्या गव्हात अजूनही याचाच खप.

शरबती मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा. काळ्या जमिनीत, कमी पाण्यावर, दाण्याला सोनेरी चकाकी. सिहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वरचा शरबती सोनोरा आणि हा एक नव्हेत. आणि बाजारात 'शरबती' म्हणून विकलं जाणारं प्रत्येक पोतं सिहोरहून आलेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

बन्सी कडक. दाणा काचेसारखा, पिवळाधमक. रवा, शेवया, लाडू यांना उत्तम, घडीच्या पोळीला वातड. इटलीचा पास्ता होतो तो याच कुळातल्या गव्हाचा.

आपल्या राज्यातल्या वाणांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पुण्याच्या आघारकर संस्थेचे 'एमएसीएस' नावाने येणारे वाण आपल्या अपुऱ्या थंडीचा विचार करूनच काढलेले आहेत. गव्हाला थंडी हवी. ती इथे लवकर ओसरते, म्हणून आपला हेक्टरी उतारा पंजाबच्या निम्म्यावरही जात नाही.

ग्लूटेन म्हणजे काय? दिसतं का?

दिसतं की. मूठभर कणीक घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्याच्या वाटीत हळूहळू चोळत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होत जाईल. दोन-चार वेळा पाणी बदललं की हातात करड्या रंगाचा, च्युइंगमसारखा ताणला जाणारा गोळा उरतो. तेच ग्लूटेन. ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रथिनं पाणी मिळाल्यावर एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं. पोळी फुगते ती या जाळ्यात वाफ कोंडल्यामुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते.

मग ग्लूटेन बंद करावं का?

ज्यांना सीलियाक आहे त्यांनी पूर्ण बंद, एक कणही नाही. बाकीच्यांनी का करावं, मला समजत नाही.

सीलियाकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. उत्तर भारतात, जिथे गहू रोजचा, तिथे रुग्ण जास्त आढळतात. मूल वाढत नाही, जुलाब, पोट फुगलेलं, औषध घेऊनही रक्त वाढत नाही, अशी लक्षणं. याचा गव्हाशी संबंध पक्का केला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि त्याची ही आजारी मुलं चक्क सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, संशय आला तर आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करा आणि मग गहू सोडा. आधीच सोडला तर तपासणीत आजार निसटू शकतो.

दुसरी आमच्या धंद्यातली. गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकली की पहिलं किलोभर पीठ मिसळच असतं. दगडात, जाळीत, कापडी नळीत गहू राहतोच. साध्या गिऱ्हाइकाला त्याने फरक पडत नाही, सीलियाकच्या रुग्णाला पडतो. आमच्याकडच्या एका मुलीची आई सगळं पथ्य पाळायची, तरी पोरीचं पोट दुखणं थांबेना. ज्वारी आमच्याच गिरणीतून जात होती. मीच तिला सांगितलं, बाई, घरगुती चक्की घे आणि त्यात गहू कधीच टाकू नकोस. एक गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे.

मधुमेह असेल तर पोळी सोडायची का?

ते डॉक्टर ठरवतील. मी दळणापुरतं सांगते. कोंडा चाळून टाकू नका. शंभर ग्रॅम सबंध गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आत. पीठ जरा जाडसर दळून न्या. आणि पोळीबरोबर डाळ-उसळ खा. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं, त्यामुळे वरण-पोळीची जोडी उगाच जमलेली नाही. बाकी गहू कुठलाही असला तरी पोळ्या मोजूनच.

मैदा आतड्याला चिकटतो का?

नाही. भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ आणि पोटातलं पचन यांचा संबंध नाही. कोंडा आणि अंकुर गेल्यामुळे मैद्यात फारसं काही उरत नाही, हीच त्याच्याविरुद्धची पुरेशी तक्रार आहे.

कुरडईचा गहू तीन दिवस का भिजवायचा?

दाणा मऊ होऊन पिष्ट सुटावं आणि किंचित आंबावं म्हणून. पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर यायला हवा. वाटून, गाळून चीक रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून द्यायचं. गाळणीवर राहतो तो चोथा, त्यात कोंडा आणि वर सांगितलेलं ग्लूटेन. म्हणजे आपल्या आज्या पिष्ट आणि ग्लूटेन वेगळं करत होत्या, नाव माहीत नसताना.

मग आधणात मीठ-हिंग, एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांडा थांबवायचा नाही. गुठळी झाली की सोऱ्यात अडकते. गच्चीवर जुनी सुती साडी पसरलेली. आणि गरम चीक वाटीत, वर कच्चं तेल, यासाठी पोरं सकाळपासून घोटाळत असतात. कुरडया दुय्यम.

सणावारात गहू कुठे कुठे येतो?

नवरात्रात घटाभोवती मातीत पेरतात, नवव्या-दहाव्या दिवशी ते पिवळे तुरे केसांत, टोपीत खोवतात. ओटीत तांदूळ नसेल तर गहू. लग्नाआधी बायका बसून दाण्याएवढे गव्हले वळतात. होळीला पुरणाची पोळी, संक्रांतीला गुळाची. भाषेतही तो आहेच. वर्ण गव्हाळ, मार दिला तर कणीक तिंबली, आणि गव्हाबरोबर किडे रगडले जातातच.

पाव आपला की परका?

शब्द पोर्तुगीज, गव्हासकट आता आपलाच. गोव्यात पोर्तुगिजांना पाव हवा होता आणि यीस्ट मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबवलं गेलं. तिथला पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सायकलवर भोंगा वाजवत येतो. गोव्याच्या बेकरीवाल्यांबरोबर पाव मुंबईत आला आणि वड्याला जाऊन मिळाला.

कुठे तरी युद्ध होतं आणि इथे गव्हाचा भाव का हलतो?

कारण गहू जगभर फिरतो. रशिया आणि युक्रेन दोघेही मोठे निर्यातदार. २०२२ मध्ये युद्ध पेटलं, जागतिक भाव चढले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे उष्णतेची लाट आली आणि दाणा भरताना बारीक राहिला. १३ मे २०२२ ला भारताने गव्हाची निर्यात थांबवली.

सगळ्यांत धास्ती असते ती इजिप्तला. एके काळी रोमला गहू पुरवणारा हा देश आज गहू आयात करणाऱ्या बड्या देशांत आहे. तिथल्या बोलीत पावाला 'ऐश' म्हणतात, आणि ऐश म्हणजे जगणं. १९७७ मध्ये सरकारने अन्नावरची सवलत कापली, तर लोक रस्त्यावर उतरले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर सवलतीच्या पावाची किंमत वाढवायला प्रत्येक सरकार घाबरलं. दशकानुदशकं ती पाच पियास्टरच (तिथले पैसे) राहिली. २०२४ मध्ये वीस झाली.

वर्षाचा गहू भरताना काय बघायचं?

दाणा दाताखाली फोडा. कट्‌ असा आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओला. दोन कडक उन्हं द्या, पण उन्हातला गहू लगेच डब्यात भरू नका. आत घाम धरतो आणि टोके तिथेच होतात. पूर्ण गार झाला की भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवलेला. एरंडेल चोळायचं तर पोत्याला वाटीभर पुरतं, जास्त झालं तर माझ्या दगडाला चिकटतं आणि तुमचं दळण रेंगाळतं. पाऱ्याच्या टिकड्या मी माझ्या धान्यात ठेवत नाही.

गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या घरात आणूच नका. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नाही.

पीठ पंधरा दिवसांचंच दळा, उन्हाळ्यात आठ. अंकुरातलं तेल खवट होतं. आणि दळण घरी नेलं की डब्याचं झाकण तासभर उघडं ठेवा, पीठ गिरणीतून गरम येतं.